तीन रकाने

बांबोळीच्या प्रयोगशाळेत क्लेमेंत ट्रे ठेवून जातो,
ट्रेखालच्या फाइलवर त्याच्या कपाचं ओलं वर्तुळ.
आज दोघी शेजारी शेजारी आल्यात:
बावीसशे सतरा, बावीसशे अठरा.
नावं मी अर्जावर एकदाच वाचते, स्पेलिंगसाठी.
मग ते आकडेच.

सतरा आधी.
भिंग चाळीसवर. पेशींच्या कडा तपकिरी,
जाड, अखंड, एकही फट नाही.
सांग्याहून चिरे आणून
कुणी एकेका पेशीला कुंपण घालावं तसं.
हर-टू, तीन अधिक.
पूर्वी असा रंग दिसला की आमच्या मॅडम
चष्मा काढून ठेवायच्या
आणि बराच वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत.
आता त्या रंगाला औषध आहे.
महाग आहे, पण आहे.
भिंत असली की थाप तरी मारता येते.

अठरा.
इथे रंग धरलेलाच नाही.
तिन्ही काचा फिकट निळ्या.
वाटलं, क्लेमेंत रसायन घालायला विसरला.
कंट्रोल पाहिला. कंट्रोल तपकिरी.
विसरला नव्हता.
इस्ट्रोजेन नाही, प्रोजेस्टेरॉन नाही, हर-टू नाही.
गाठीची कड मात्र गोल, गुळगुळीत,
शिकाऊ डोळ्याला साधीच वाटेल अशी.
(भरतीच्या वेळी खाजनाचा बांधही
रस्त्यावरून असाच शांत दिसतो.)
मधोमध मेलेल्या पेशींचा गुलाबी चिखल,
बेटाबेटांनी,
आणि काठावर विभाजनं, विभाजनं.
मोजली. चहा प्यायले. परत मोजली.
केआय-सदुसष्ट नव्वद टक्के:
शंभरातल्या नव्वद जणी घाईत.

पण त्याच काठाला लिंफोसाइट्सची ही गर्दी,
काळे बारीक ठिपके, दाटीवाटीने,
मानशीचं दार फुटल्यावर
चिखल-पेंढा घेऊन जो भेटेल तो धावतो, तशी.
ही चांगली खूण.
अहवालात गावाचेही टक्के लिहितात. साठ.

मुलं विचारतात, मॅडम, दोन्हींत वाईट कुठला?
मी फळ्यावर तक्ता काढते.
तो परीक्षेपुरता खरा असतो.

चार दिवसांनी ओपीडीच्या बाकावर
दोघी बसलेल्या,
एकीचा फुलाफुलांचा फ्रॉक,
दुसरीचं काष्ट्याचं लुगडं.
मधे पोईचा अर्धा तुकडा कागदात,
आणि मांडीवर माझे अहवाल,
माझी सही वर.
बोटं रकान्यांवरून फिरताहेत.
“म्हजे तिनूय नेगेटिव्ह,” लुगडेवाली म्हणते, “बरें मगे?”
फ्रॉकवाली तीन अधिककडे बघत बसलेली,
डोळे भरून आलेले.
आणि अठरा, माझी अठरा,
तिच्या पाठीवरून हात फिरवते,
पोई मोडून मोठा तुकडा तिच्या हातात देते.
बिचारीच्या नशिबी पॉझिटिव्ह आलं म्हणून.

मी पांढऱ्या कोटात, दोन पावलांवर.
सांगणं माझं काम नाही, असं आम्ही म्हणतो.
तेवढ्यात नर्सने दार ढकललं:
“शेवंता वेळीप कोण? शेवंता वेळीप!”
आणि दोघी उठल्या.
एर्मेलिंदाने दोघींच्या पिशव्या घेतल्या.

परत येऊन संगणकावर बसले.
‘निगेटिव्ह’ खोडून ‘आढळले नाही’ लिहून पाहिलं.
ते तर आणखीच चांगलं वाटतं,
आढळले नाही, म्हणजे सुटलो.
‘अभाव’ लिहिलं. ‘अभाव’ कोण वाचणार?
मग लिहिलं, ‘नेहमीच्या तीन कड्या इथे नाहीत,
वेगळ्या वाटेने जावे लागेल,
पण शरीर लढते आहे, हे काचेवर दिसते.’

क्लेमेंत खांद्यावरून वाकून वाचतो.
“मॅडम,” म्हणतो,
“रकाना लहान आहे.”